एकसष्ट नंबर हयात

सिग्नल लागला म्हणून बस थांबली आणि तिला समोरच्या फुटपाथवर एकसष्ट नंबर दिसला. सायकल स्टँडला लावून, कॅरिअरवर दोरीनं बांधलेल्या शिलाई मशीनच्या लोखंडी डोक्यावर हात ठेवून तो उभा होता आणि सफरचंद खात होता. सालासकट, न कापता, दातांनी तोडून. तिनं आधी सफरचंद बघितलं, माणूस नंतर. ही तिची सवयच झाली होती. नऊ वर्षं अन्ननलिकेच्या कॅन्सरवरच्या संशोधनात पेशंटांचे फॉर्म भरून भरून ती लग्नात, बसस्टॉपवर, कुठंही माणसांच्या गळ्याकडे बघत बसायची. घास उतरताना मान पुढे काढतो का, डोळे मिटतो का, वर पाण्याचा घोट लागतो का. या माणसानं यातलं काहीच केलं नाही. चावलं, गिळलं, पुन्हा चावलं. उत्तम, तिच्या मनात आलं, गिळण्याचा त्रास शून्य. मग नजर वर गेली. डाव्या भुवईला मधोमध कापणारा जुना व्रण, कानावर खोचलेली पेन्सिल, आणि सगळं जग आपल्याकडे उशिरा आलंय असा तो तक्रारखोर चेहरा. हा माणूस चौदा महिन्यांपूर्वी वारला होता. तशी नोंद होती, आणि ती तिच्याच अक्षरात होती.

तिनं खिडकीची काच ढकलली, ती अर्ध्यावर अडली. हाक मारायची तर काय म्हणून मारायची? नाव पाठ होतं, पण अडीच वर्षं जिभेवर नंबरच बसलेला, त्यामुळे तोंडातून निघालं, “अहो एकसष्ट! ओ एकसष्ट!” शेजारच्या गृहस्थांनी पेपरातून डोकं काढलं. “ही एकसष्ट नाही हो बाई, ही चौतीस आहे. चुकीच्या बसमध्ये बसलात तुम्ही.” “मला बस नकोय,” ती म्हणाली. “मग चढलात कशाला?” गृहस्थ म्हणाले आणि एकसष्ट नंबरची बस कुठून मिळते, मध्ये कुठं बदलावी लागते हे समजावून सांगू लागले. तोवर सिग्नल सुटला. पुढच्या स्टॉपवर उतरून ती उलट चालत आली तेव्हा फुटपाथवर कोणी नव्हतं. घाम पुसत ती तिथंच दोन मिनिटं उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता, हे तिला कळत होतं. माणूस जिवंत निघाल्यावर माणसाला आनंद होतो. तिला मात्र आला तो वैताग, असा की चप्पल काढून रस्त्यावर आपटावी. तीन आठवड्यांपूर्वीच तर सगळं संपलं होतं. नऊ वर्षांचे आकडे जुळवून, सह्या घेऊन, लेख पाठवून झाला होता. कपाटाला कुलूप लावून ती त्या दिवशी घरी जाऊन दुपारी झोपली होती.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या मागे होती. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त जनरेटर दिसायचा. वॉर्डात वीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर गुडघे बोलायला लागले तेव्हा मोठ्या सरांनी तिला इथं बसवलं. बसून करायचं काम आहे, असं ते म्हणाले होते. पेशंट तिला फॉर्मवाल्या बाई म्हणायचे. काम समजायला सोपं होतं. दोनशे बारा पेशंट, सगळ्यांच्या अन्ननलिकेत गाठ. सगळ्यांना आधी केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन. त्यानं गाठ दिसेनाशी झाली की कॉम्प्युटर चिठ्ठी काढणार. अर्ध्यांची अन्ननलिका तरीही ऑपरेशन करून काढून टाकायची, अर्ध्यांची तशीच ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघत राहायचं, गाठ परत आली तरच कापायचं. वाट बघण्यानं माणसं जास्त मरतात का, एवढाच प्रश्न. त्यासाठी कोण कधी मेलं हे बिनचूक माहीत असायला लागतं, बाकी सगळं नंतर. एकसष्ट नंबर वाट बघण्याच्या गटातला होता. तिनं त्याची फाइल काढली. मृत्यूचा फॉर्म सगळ्यात वर होता. माहिती कोणी दिली: मुलगा, फोनवरून. दाखला: उपलब्ध नाही. मृत्यूची तारीख अकरा. कारण, मूळ आजार. तो फोन तिला शब्दन् शब्द आठवत होता, कारण त्यानंतर तिनं चहा मागवला होता. तपासणीची तारीख चुकली म्हणून तिनंच लावला होता. “बाबा गेले,” मुलगा म्हणाला होता. “अरेरे. कधी?” “अकरा तारखेला. महिना होत आला.” “फार त्रास झाला का?” “सगळ्यांनाच झाला. आम्ही खूप समजावलं त्यांना.” तिनं ते ‘खूप सांभाळलं’ असं ऐकलं होतं.

तोच नंबर तिनं पुन्हा फिरवला. मुलगा कुठल्याशा कारखान्यात होता, मागे यंत्रं धडधडत होती. तिनं हॉस्पिटलचं नाव सांगितलं, विभाग सांगितला, आणि पुढे काय विचारायचं ते तिला सुचेना. “तुमचे वडील,” ती म्हणाली, “ते आहेत का?”

“माझ्याकडे नाहीत. मागेच सांगितलं होतं ना मी तुम्हाला, गेले म्हणून.”

“हो, पण गेले म्हणजे कुठं गेले?”

मुलगा सावकाश म्हणाला, “घर सोडून गेले. पुलापलीकडे शिलाईचे कारखाने आहेत, तिथं एका खोलीत राहतात. तुम्हाला काय वाटलं?” तिनं समोरचा मृत्यूचा फॉर्म पालथा घातला. “तुम्ही अरेरे म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं,” मुलगा म्हणाला. “कोणीतरी अरेरे म्हणालं. नंतर मात्र तुमच्याकडून कोणी चौकशीसुद्धा केली नाही. मला वाटलं, तुम्हीही नाद सोडलात त्यांचा.” तिला काहीतरी जळजळीत बोलायचं होतं. अहो, घर सोडलं असं स्पष्ट म्हणायला तुमची जीभ झिजली असती का? पण झिजायला आपली तरी कुठं झिजली होती? ‘वारले का’ एवढंच विचारायचं होतं. तीस वर्षं मरणाच्या शेजारी बसूनही तिनं तो शब्द सभ्यपणे चुकवला होता, जशी सगळी चुकवतात.

मोठे सर परदेशातल्या परिषदेसाठी चित्रं लावत बसले होते. “सर, एकसष्ट नंबर जिवंत आहे,” ती दारातूनच म्हणाली. “कोण एकसष्ट?” “शिलाई मशीनवाला. आपण त्याला मृत दाखवलाय.” सरांनी चष्मा काढला. “आपण?” “मी.” सर उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. “बाई, माणूस म्हणून मला आनंद आहे,” ते म्हणाले, “पण ही काय वेळ आहे का जिवंत व्हायची?” मग आकडेवाल्यांना बोलावणं गेलं. ते संख्याशास्त्राचे गृहस्थ बारीक आवाजात बोलायचे आणि कोणाच्याच तोंडाकडे बघायचे नाहीत. त्यांनी तिथंच बसून एकसष्ट नंबरला हयात केला आणि गणित पुन्हा चालवलं. अकरा मिनिटं लागली. “तिसऱ्या दशांशस्थळाला हललं,” ते म्हणाले, “निष्कर्ष तोच.” सरांनी सुस्कारा सोडला. तिला मात्र त्या तिसऱ्या दशांशस्थळाचा संताप आला. एक आख्खा माणूस, भुवईवरच्या व्रणासकट, सायकलीसकट, फुटपाथवर सफरचंद खातो, आणि इकडे एक तीन जाऊन चार येतो. “पण एक आहे,” आकडेवाले टेबलाशी बोलले. “दाखल्याशिवाय, नुसत्या फोनवर नोंदलेले मृत्यू किती आहेत?” तिला आकडा माहीत होता. “त्याला धरून त्रेसष्ट.” “म्हणजे उरले बासष्ट. ते सगळे परत विचारावे लागतील.” “काय विचारायचं?” ती म्हणाली. “तुमचा माणूस नक्की मेला ना, असं?” आकडेवाल्यांनी थोडा विचार केला. “हो,” ते म्हणाले. “शब्द तुम्ही बघा.”

त्याच दुपारी ती पुलापलीकडे गेली. पत्रे टाकलेल्या लांबट इमारतीत एका ओळीत मशीनं चालली होती, आणि शेवटी, कापडाच्या गठ्ठ्यांमागे, दार नसलेल्या खोलीत तो स्टुलावर बसून एका मशीनच्या पोटात तेल सोडत होता. तिला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही. “एवढ्या दिवसांनी सुचलं होय,” तो म्हणाला. ती उभ्याउभ्याच सांगून टाकावं म्हणून आली होती, पण गुडघे बोलले, म्हणून एका गठ्ठ्यावर बसली आणि बसल्यावर सगळंच सांगितलं. फोन, गेले, अरेरे, अकरा तारीख. त्यानं तेलाचा डबा खाली ठेवला. बराच वेळ चिंधीनं एकेक बोट पुसत राहिला. “मी मेलो हे कळल्यावर,” त्यानं विचारलं, “तुम्हाला काय वाटलं?”

याचं एक बरं उत्तर असतं. ते तिला येत होतं, वीस वर्षं वॉर्डात तिनं ते दिलं होतं, आणि देताना दरवेळी थोडंफार खरंही असायचं. पण दिवस फार लांबला होता. “खरं सांगू? बरं वाटलं,” ती म्हणाली. “महिनाअखेर होती. त्या पानावर तुमचाच एक रकाना रिकामा राहिला होता.” तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, पुढच्या मशीनवरच्या बायका मागे वळून बघू लागल्या. तिच्या कानाला मात्र तो खोकला टोचला. कोरडा, खोल, एका बाजूनं निघणारा. “किती दिवस आहे हा?” तिनं विचारलं. “लागलात परत विचारायला,” तो म्हणाला.

घर का सोडलं ते त्यानं आपणहून सांगितलं, तिनं विचारलं नव्हतं. “पोरगा वाईट नाही. वाईट असता तर निघणं सोपं गेलं असतं. पण तुम्ही त्याला ती वही दिलीत.” आहारवही. कधी खाल्लं, काय खाल्लं, किती, त्यानंतर त्रास, वजन. गिळता येत नसलेल्या माणसाचं वजन उतरू देऊ नका, असं डॉक्टर सांगायचे आणि ती वही द्यायची. “सकाळी सात, सूप अर्धी वाटी. मी चमचा उचलला की त्याचं पेन उचललं जायचं. बाबा, आणखी एक घास. बाबा, कालच्यापेक्षा दोन कमी झाले. एकदा मला ठसका लागला, जीव चालला म्हणा ना, तर यानं पाठीवर एक हात मारला आणि दुसऱ्या हातानं ठसक्याची वेळ लिहिली. मी जेवत होतो की परीक्षेला बसलो होतो? सून रोज मिक्सर लावायची, त्या घरघरीनं माझी भूक मरायची, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? इथं आलो, कोणी बघायला नव्हतं. पाचव्या दिवशी ब्रेड गिळला.” ती मान खाली घालून ऐकत होती. ती वही तिला चांगली आठवत होती. आठ महिने, एक दिवस न चुकवता, शाळेतल्या हुशार मुलासारखं ठाशीव अक्षर. नव्या पेशंटांच्या नातेवाइकांना ती तीच वही दाखवायची. अशी भरायची असते बघा, म्हणायची.

तपासणीला यायला तो तयार नव्हता. तिनं समजावलं, मग ती चिडली, मग निघायला उठली, आणि ती उठली तेव्हा तो म्हणाला, “गुरुवारी येतो. तुमच्या रकान्यासाठी. पोराला कळवायचं नाही पण.” आला. दुर्बीण घातली, अन्ननलिका स्वच्छ निघाली. जुन्या जागी नुसती पांढरी खूण. खोकल्यासाठी म्हणून छातीचा स्कॅन केला, आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात मटाराएवढा ठिपका होता. सुईनं तुकडा काढून तपासला. जुन्या गाठीचं पिल्लू नव्हतं, वेगळाच, फुप्फुसाचा म्हणून स्वतंत्र कॅन्सर होता. लहान होता, वेळेत सापडला होता, असं सर म्हणाले, आणि वर म्हणाले, “बघा बाई, तुमच्या चुकीचा असाही उपयोग.” तिला सरांच्या हातातली ती काळी फिल्म ओढून घ्यावीशी वाटली. चूक नसती तर तो चौदा महिने दर तीन महिन्यांनी इथंच येत राहिला असता आणि हा ठिपका मोहरीएवढा असताना सापडला असता. हे सरांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते बोलायचं नव्हतं, एवढंच.

फुप्फुसाच्या कॅन्सरचं नवं संशोधन खालच्या मजल्यावर चालू होतं. नुसत्या शेकापेक्षा शेकासोबत एक नवं औषध दिलं तर बरं पडतं का, ते बघणारं. तिनं अटींचा कागद आणला, आणायच्या आधीच सातवी अट तिला माहीत होती. गेल्या पाच वर्षांत दुसरा कोणताही कॅन्सर झालेला नसावा. तिनं त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, “पण तो तर बरा झाला.” ती म्हणाली, “नियम आहे.” आणि ते दोन शब्द तोंडातून निघताच तिला दादा आठवला. तिचा सख्खा थोरला भाऊ. त्याचं फुप्फुस, त्याची ती बाकावर टेकलेली पाठ, कोटाच्या खिशात घडी करून ठेवलेला रक्ताचा रिपोर्ट. सहा वर्षं झाली. दुसऱ्या हॉस्पिटलात गोळ्यांचं संशोधन होतं आणि यकृताचा एक आकडा दोननं जास्त आला म्हणून त्याला घेतलं नाही. “दोननं?” दादा म्हणाला होता. “तू तिथल्या कुणाला ओळखतेस ना?” आणि तिनं त्याला समजावून सांगितलं होतं, अगदी शांतपणे, ताई असल्यासारखं, खरं तर ती धाकटी. प्रत्येकासाठी दोन-दोन इकडेतिकडे केले तर शेवटी औषध लागू पडलं की नाही हे कुणालाच कळणार नाही, हे तिनं सांगितलं होतं. सगळं बरोबर होतं. आजही बरोबर होतं. दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चांगलं शिकवलंय तुला,” आणि घरी जाताना एकटाच पुढे चालू लागला. त्या चालण्याचा तिला राग यायचा, अजून यायचा, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका. रडला असता, भांडला असता तर तिलाही भांडता आलं असतं. एकसष्ट नंबर दादासारखा पुढे चालू लागला नाही. “तुमचे नियम ठेवा तुमच्यापाशी,” तो म्हणाला, “नियमाबाहेर काय मिळतं ते सांगा.” नियमाबाहेर नेहमीचा उपचार मिळत होता. नेमक्या ठिपक्यावर रोखलेला शेक, पाच वेळा, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. तिनं तारखा लिहून दिल्या. त्यानं कागद लांब धरून वाचला आणि म्हणाला, अक्षर मोठं काढा.

इकडे बासष्ट फोन चालू होते. रोज आठ, त्यापेक्षा जास्त तिला होत नव्हते. वाक्य तिनं कागदावर लिहून समोर चिकटवलं होतं. आमच्याकडे नोंद आहे की त्यांचा मृत्यू अमुक तारखेला झाला, ती बरोबर आहे का? वाचायला स्वच्छ वाक्य. पण फोन उचलणारा माणूस कधी पहिल्या शब्दापर्यंतच थांबायचा, कधी शेवटपर्यंत ऐकून शिवी द्यायचा. एक बाई म्हणाली, तुम्ही दुसऱ्यांदा मारताय त्यांना. एका गृहस्थानं बायकोच्या मरणाची तारीख, वेळ, वॉर्ड, पलंगाचा नंबर, सगळं सांगितलं, मग पंख्याचा आवाज कसा येत होता ते सांगितलं, मग चाळीस मिनिटांनी म्हणाला, बरं झालं फोन केलात. सगळ्यात वाईट फोन एकशे अठ्ठ्याण्णव नंबरचा. त्याच्या मुलीनं उचलला. वाक्य ऐकून तिचा आवाज एकदम वर चढला, “म्हणजे? काही चूक झाली होती का?” आणि त्या आवाजात काय होतं ते ओळखायला हिला एक क्षण जास्त लागला. “नाही, नाही,” ती घाईनं म्हणाली, “चूक नाही, नुसती खात्री करतोय.” “मीच होते तिथं,” मुलगी म्हणाली, स्वतःलाच सांगितल्यासारखी. “मीच डोळे मिटले त्यांचे. तरी बघा.” फोन ठेवल्यावर तिनं चिकटवलेला कागद फाडला, परत लिहिला, परत चिकटवला. दुसरं वाक्यच नव्हतं. आठव्या दिवशी यादी संपली. बासष्टपैकी बासष्ट मेलेले होते. आकडेवाल्यांनी मान डोलावली, सरांनी संपादकांना दुरुस्तीचं चार ओळींचं पत्र पाठवलं, आणि त्या चार ओळींत ‘एका पेशंटच्या हयातीबाबतची नोंद’ असे शब्द होते.

तिसऱ्या शेकाच्या दिवशी मुलाचा फोन आला. “दोन मंगळवार बाबांची सायकल कारखान्यापुढे नव्हती. शुक्रवारीही नव्हती. तुमच्याकडे येतात का?” म्हणजे हा रोज पूल ओलांडून सायकल बघायला जात होता. “मी पेशंटची माहिती देऊ शकत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे येतात,” मुलगा म्हणाला आणि फोन ठेवला. तिनं कपाळावर हात मारून घेतला. या दोघांच्या मध्ये पडून पडून ती थकली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की फॉर्मवाल्या बाई दुसऱ्याच्या बाजूच्या आहेत.

पाचव्या शेकाला मुलगा येऊन बाकावर बसलेला होता. कारखान्याचा निळा शर्ट, हातात केळ्यांची पिशवी. बाप आतून बाहेर आला, त्यानं मुलाला पाहिलं, तिच्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये केळी. शेक देणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगून गेल्या, की आता तीन महिन्यांनी स्कॅन, तेव्हाही ठिपका दिसेलच, तो व्रण आहे की आजार हे लगेच कळत नाही, कदाचित आणखी तीन महिन्यांनी कळेल. “म्हणजे काही कळलं नाही,” मुलगा म्हणाला. “कळलं की,” बाप म्हणाला, “सहा महिने आहेत.” “असं बोलू नका हो बाबा.” “मग कसं बोलू? तू लिहून दे, तसं बोलतो.”

तिच्या हातात जीवनमानाचा, म्हणजे रोजचं जगणं कसं चाललंय ते विचारणारा, फॉर्म होता. अन्ननलिकेच्या संशोधनातल्या हयात पेशंटांनी सहा महिन्यांनी एकदा भरायचा, तीस प्रश्न. एकसष्ट नंबर पुन्हा हयात झाला म्हणून तोही थकबाकीत निघाला होता. बाप चष्मा विसरला होता, म्हणून मुलगा वाचू लागला. एकोणतिसाव्या प्रश्नापर्यंत ठीक चाललं. “गेल्या आठवड्यात आजारामुळे तुमच्या घरच्या आयुष्यात अडथळा आला का? अजिबात नाही, थोडा, बराच, खूप.” बाप म्हणाला, “अजिबात नाही.” मुलानं पेन उचललंच नाही. “अजिबात नाही?” “मी एकटा राहतो. कसला अडथळा?” “बाबा, खूप म्हणा.” “आजार मला झालाय.” “आणि अडथळा मला झालाय. सव्वा वर्ष मी तुमची सायकल मोजतोय.” “मग तू तुझा वेगळा फॉर्म माग.” आजूबाजूचे पेशंट बघायला लागले. तिची जेवायची वेळ टळून गेली होती, डोकं ठणकत होतं. “एकच खूण करा आणि मोकळे व्हा,” ती ओरडली, “कुठलीही करा!” दोघंही दचकले. मग मुलगा, बापाकडे न बघता, तिला म्हणाला, “आहे का पण? माझा फॉर्म?”

नव्हता. नऊ वर्षांत तिनं नातेवाइकांना वह्या दिल्या होत्या, सूचना दिल्या होत्या, फोन केले होते. त्यांच्यासाठी फॉर्म कोणी बनवलाच नव्हता. हे सांगण्याऐवजी तिनं खोलीत जाऊन कोऱ्या फॉर्मची झेरॉक्स काढून आणली. पेशंट नंबरच्या जागी काय लिहायचं ते मुलानं विचारलं. “काही लिहू नका,” ती म्हणाली. बापानं केळं सोललं. मुलगा लिहीत होता आणि बाप खात होता, सावकाश, भिंतीकडे तोंड करून. मुलानं मान वर केली नाही. चाळीस मिनिटांनी त्यानं कागद तिला आणून दिला आणि दोघं जिन्याकडे निघाले. बाप पुढे, मुलगा दोन पायऱ्या मागे. “सायकल तू घे,” असं काहीतरी खालून ऐकू आलं, आणि त्यावर “ब्रेक लागत नाही तिचा, केव्हापासून सांगतोय,” असं.

खोलीत येऊन ती टेबलाशी बसली. बापाचा फॉर्म तिनं एकसष्ट नंबरच्या फाइलमध्ये लावला. एकोणतिसावा प्रश्न रिकामाच राहिला होता आणि आकडेवाले त्यावरून तिला बोलणार होते. मुलाचा कागद कुठल्याच फाइलमध्ये जाण्यासारखा नव्हता. फाडून टाकावा म्हणून तिनं तो हातात घेतला. तीस प्रश्नांपुढच्या चौकोनांत एकही खूण नव्हती. शेवटी ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ अशा दोन ओळी छापलेल्या होत्या. तिथून ते ठाशीव अक्षर सुरू होत होतं. दोन ओळी संपवून ते समासात चढलं होतं, समासातून खाली, छापील सूचनांच्या मधल्या जागेत, आणि कोपऱ्यात, अगदी बारीक होत, एक बाण काढला होता. बाहेर जनरेटर सुरू झाला. आणखी कटकट, ती स्वतःशीच म्हणाली, चष्मा पुसला, आणि पान उलटलं.